अर्धवेळ प्राध्यापकपद हवे, पण मंजूर पद म्हणून!

मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात बाबासाहेब पहिल्यांदा शिकवायला गेले ते १९२८ साली, अर्धवेळ प्राध्यापक म्हणून. वकिली सुरू, 'बहिष्कृत भारत' सुरू, चळवळ तर अहोरात्र, आणि त्यातच हे अध्यापन. १९३५ साली त्याच महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. अर्धवेळ शिकवणारा अर्धा शिक्षक नसतो, हे पटायला आम्हाला दुसरा दाखला नको.

हे आठवायचे कारण असे की, मध्यंतरी आमच्या कार्यालयात एक डॉक्टर भगिनी आल्या. बालरोगशास्त्रात एम.डी., बंधपत्राची सेवा पूर्ण, वरिष्ठ निवासी म्हणूनही काम झालेले. घरातली पहिली डॉक्टर. वडील एस.टी.त वाहक होते. आता त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. पदरी दोन वर्षांचे मूल. "जयभीम वकीलसाहेब, अर्धा दिवस शिकवायची नोकरी कायद्यात बसते का?" एवढाच त्यांचा प्रश्न. आम्ही पुस्तके उघडली आणि अस्वस्थ झालो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे महाविद्यालयाच्या आवश्यक शिक्षकसंख्येत धरला जातो तो पूर्णवेळ शिक्षक. म्हणजे या भगिनीला खाजगी रुग्णालयात अर्ध्या दिवसाचे काम मिळेल, पण शासकीय महाविद्यालयाच्या आवश्यक शिक्षकसंख्येत तिला धरले जाणार नाही. आमच्या मुली एम.डी., एम.एस. होतात आणि नेमक्या या उंबरठ्यावर अडतात. ज्यांच्या घरी सासू-सासरे, मोलकरीण, मोटार आणि बँकेत शिल्लक आहे, त्यांचे निभते.

मग अर्धवेळ पदे काढा, असे कुणी म्हणेल. काढाच. पण डोळे उघडे ठेवून. मुंबईत अर्धवेळ डॉक्टर-शिक्षकाची परंपरा जुनी आहे. तिचे नाव 'मानद'. १९२६ साली सुरू झालेल्या के.ई.एम.सारख्या रुग्णालयांत मानद डॉक्टर वॉर्डात फेरी मारत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि उरलेल्या वेळी आपापल्या दवाखान्यात बसत. त्यांच्यात थोर शिक्षक होते, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण नाममात्र मानधनावर वर्षानुवर्षे शिकवणे परवडत कुणाला होते? ज्याचा दवाखाना बापजाद्यांच्या पैशावर उभा होता त्याला. बी.डी.डी. चाळीतल्या गिरणी कामगाराच्या मुलाला 'मानद' होणे परवडणारे नव्हते. जातीची अट कुठे लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच नव्हती!

आता गंमत पाहा. हाच शब्द इंग्लंडमध्येही आहे. तेथे विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉक्टरला पगार विद्यापीठ देते आणि रुग्णालयाशी त्याचा 'मानद करार' असतो. मानद म्हणजे फुकट नव्हे, पगारपत्रक दुसऱ्या ठिकाणी निघते इतकेच. २००५ च्या वॉलपोर्ट अहवालानंतर तेथे विशेषज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरसाठी पायऱ्या बांधल्या गेल्या. आधी चौथा हिस्सा वेळ संशोधन-अध्यापनाला, बाकी रुग्णसेवेला. पुढे अधिव्याख्याता झाल्यावर निम्मे-निम्मे. मूल किंवा घरचे आजारपण असेल तर याहून कमी वेळ काम करण्याची सोयही आहे. त्यामागे २००० सालचे नियम उभे आहेत : वेळ निम्मा तर पगार निम्मा, पण रजा आणि निवृत्तिवेतनाचा हक्क शाबूत. तेथील एका अर्धवेळ न्यायाधीशाने याच नियमांवर लढून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळवला.

आपल्याकडे 'अर्धवेळ' शब्दाचा कायदा कुणाच्या पाठीवर लिहिला गेला? चंदीगडच्या सेक्टर १४ मधल्या टपाल कार्यालयात रोज पाच तासांहून कमी झाडलोट करणाऱ्या सफाई कामगारांच्या! 'भारत सरकार विरुद्ध इल्मो देवी' या खटल्यात ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो अर्धवेळ कर्मचारी मंजूर पदावर नाही त्याला कायम होण्याचा हक्क नाही, आणि नियमित कर्मचाऱ्याच्या बरोबरीने वेतनही मागता येणार नाही. झाडूवालीच्या वाटेत ठेवलेला हा दगड उद्या एम.डी. झालेल्या तिच्या नातीलाही ठेच लावणार आहे.

आरक्षणाचे त्याहून बिकट आहे. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा चार ठिकाणी लागू होत नाही : अतिविशेषीकृत पदे, बदली-प्रतिनियुक्तीची पदे, ४५ दिवसांहून कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका आणि संवर्गातले एकाकी पद. अर्धवेळ पद ज्याला लपवायचे आहे त्याला यातली शेवटची दोन दारे पुरेशी आहेत. ४४ दिवसांची नेमणूक द्यायची, संपली की पुन्हा द्यायची. नाहीतर विभागात एकच अर्धवेळ पद निर्माण करायचे आणि म्हणायचे, हे एकाकी पद आहे, बिंदुनामावली लागत नाही. १९९८ साली घटनापीठाने पी.जी.आय.च्या खटल्यात (पुन्हा चंदीगडच!) एकाकी पदाला आरक्षण नाही असे ठरवूनच ठेवले आहे.

म्हणून आमची मागणी अर्धवेळ कंत्राटाची नाही. आधी आयोगाने दोन अर्धवेळ शिक्षक मिळून एक शिक्षक धरावा. मग शासनाने आज मंजूर असलेले पूर्ण पदच दोघांत वाटण्याची मुभा द्यावी. बिंदू त्या पदाचा तोच राहील; अनुसूचित जातीच्या बिंदूवरचे पद वाटले तर दोघेही त्याच प्रवर्गातले असतील. वेतनश्रेणी नियमित, पगार वेळेच्या प्रमाणात, सेवाज्येष्ठता अखंड, आणि मूल मोठे झाल्यावर पूर्णवेळ परतण्याचा हक्क शासन निर्णयातच लिहिलेला. तोंडी आश्वासनावर आमचा विश्वास नाही. का नाही, ते वाचक जाणतात.

त्या भगिनीच्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला. तिने स्वतःच्या हाताने 'मानधन' असे लिहून आणले होते. आम्ही तो शब्द खोडून 'वेतन' केला. तिच्यासारख्या अडचणीत असलेल्या डॉक्टर भगिनी-बांधवांनी आपल्या नेमणूकपत्राची प्रत घेऊन अवश्य भेटावे. वैद्यकीय शिक्षण विभागाकडे हे निवेदन एकाच सहीने धाडायचा आमचा विचार नाही.