बाटलीवरचे गाव

दिनांक 27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास अनुमती देण्याचे ठरविले, तेव्हा उसळलेला वाद वाचकांच्या स्मरणात असेल. एका पक्षाने संस्कृती बुडाल्याची हाकाटी केली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. दुसऱ्या पक्षाने शेतकऱ्याचे नाव पुढे केले आणि वाइन ही दारूच नव्हे, असा अजब सिद्धान्त मांडला. हा सिद्धान्त आम्हांस मान्य नाही. वाइनमध्ये शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असतो. ती दारूच आहे, आणि जो तिच्या आहारी जाईल त्याचा संसार ती इतर कोणत्याही दारूइतक्याच निष्ठेने बुडवील. ज्यांनी तिला न शिवण्याचे व्रत घेतले आहे त्यांच्याशी आमचा तंटा नाही. आमचा तंटा आहे तो पिणाऱ्या सुशिक्षितांशी. त्या सर्व गदारोळात त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून असा प्रश्न आम्ही ऐकला नाही की, वाइन म्हणजे कोणती वाइन? कोणत्या द्राक्षाची, कोणत्या शिवारातली, कोणी केलेली?

हाच मनुष्य आंब्याच्या बाबतीत केवढा चिकित्सक असतो! हापूस देवगडचा बरा की रत्नागिरीचा, या वादात आमच्या घरी ताटे निवतात. देवगडच्या पेटीत कर्नाटकाचा आंबा निघाला तर फसवणूक झाली म्हणून तो चार दिवस धुमसतो. शिजत्या भाताच्या वासावरून आंबेमोहोर ओळखणाऱ्या बायका अजून घरोघर आहेत. पण हेच गृहस्थ वाइनच्या दुकानात जातात आणि म्हणतात, ‘एक चांगली रेड द्या.’ पुण्यातील एका दुकानात आम्ही द्राक्षाची जात विचारली, तेव्हा दुकानदाराने आम्हांला किंमत सांगितली. जात पुन्हा विचारली, तेव्हा त्याहून महाग बाटली पुढे केली. त्याला दोष कसा द्यावा? गिऱ्हाईक रोज जे विचारते तेच तो सांगावयास शिकला.

असे भेद करणे हे साहेबाचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले आहे, आणि ते ज्या प्रदेशातून येई त्यावरून त्याची कापिशायन आणि हारहूरक ही नावे दिली आहेत. कापिशायन म्हणजे कापिशीचे. त्या नगरीच्या नावावरून हा शब्द साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र खर्ची घातले. मद्यास गावाचे नाव देण्याची रीत आम्हांस परकी नाही. आम्ही ती विसरलो, एवढेच.

फ्रान्समध्ये ती विसरली गेली नाही. बर्गंडी प्रांतात क्लो द वूजो नावाचा सुमारे पन्नास हेक्टरांचा, भिंतीने वेढलेला एक मळा आहे. मध्ययुगात तो सिस्टर्शियन संन्याशांनी उभा केला. क्रांतीत तो जप्त झाला. 1889 पासून त्याची वाटणी सुरू झाली आणि आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. द्राक्ष एकच, पिनो न्वार. तरीही वरच्या अंगाच्या चुनखडीच्या उताराची वाइन आणि खाली रस्त्याकडेच्या चिकण मातीची वाइन यांत रसिक भेद करतात, आणि एखाद्याकडे चार-सहा ओळीच वेली असल्या तरी त्याचे नाव लक्षात ठेवतात. मोठ्या नावांचा दिमाख तेथेही आहेच. पण तो कसा उतरतो हेही जगाने पाहिले आहे. 24 मे 1976 रोजी पॅरिस येथे नावे झाकून चव घेतली गेली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच लाल आणि पांढऱ्या या दोन्ही वर्गांत पहिला मान कॅलिफोर्नियाच्या वाइनला दिला. आमच्याकडे मात्र परदेशी चिठ्ठी दिसली की जीभ आपोआप नतमस्तक होते.

आता नाशिककडे वळू. येथील वेलीला युरोपातल्यासारखी हिवाळ्याची गाढ झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा तिच्यावर कात्री चालते, आणि फ्रान्सातील वेली उघड्याबोडक्या असतात त्या जानेवारी ते मार्चच्या दिवसांत येथे तोडणी होते. शेनिन ब्लां हे मूळचे ल्वार नदीकाठचे द्राक्ष. ते या उलट्या ऋतुचक्रात वाढले तर त्याचा रस वेगळा बोलणारच. पण आमचे रसिक तो ऐकतात कोठे? ते ब्लॅक करंट आणि गूझबेरी हे शब्द पाठ करून येतात. ही फळे त्यांनी जन्मात खाल्लेली नसतात. जांभूळ, पेरू, कवठ, आवळा यांनी काय घोडे मारले आहे? शिराझमध्ये मिरीचा वास येतो ही तर कविकल्पनाही नव्हे. रोटंडोन नावाचे जे द्रव्य त्या वासाचे कारण, तेच काळ्या मिरीतही आहे, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. तो वास ओळखावयास मराठी घरातल्या मसाल्याच्या डब्यापलीकडे जाण्याचे कारण नाही.

ही उदासीनता निरुपद्रवी असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. 2001 च्या सरकारी धोरणानंतर नाशकात अनेक लहान वाइनरी उभ्या राहिल्या. 2008 नंतरच्या मंदीत त्यांतल्या कितीएक बंद पडल्या, आणि शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षे उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. जे मोठे होते ते तगले. मोठ्यांविषयी आमची तक्रार नाही. वर्षानुवर्षे एकच चव राखणे हा त्यांचा धर्म आहे आणि ते तो पाळतात. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची सरकारदरबारी भौगोलिक नोंदही झाली आहे. पण दिंडोरीची लाल माती आणि सिन्नरचा माळ यांना एकाच पांघरुणाखाली निजविणारे ते नाव, हापूस, पायरी आणि रायवळ यांना नुसते ‘आंबा’ म्हणण्यासारखे आहे.

गेल्या फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्यातील एका लहान उत्पादकाकडे जाण्याचा योग आला. त्याची शेनिनची दोन वावरे: एक टेकडीच्या अंगाचे मुरमाड, दुसरे ओढ्याकाठचे काळे. दोन्हींचा नुकता आंबविलेला रस त्याने दोन पेल्यांत पुढे ठेवला. पहिला हिरव्या पेरूसारखा, धारदार. दुसरा जाड, पिकल्या अननसाकडे झुकणारा. आम्ही दोघांनाही वेगळी नावे सुचविली. तो हसला. ‘सर, एक नाव घ्यायलाच दुकानदार कां कू करतो, दोन कोण विचारणार?’ मग त्याने गड्याला हाक मारली, पंप सुरू करावयास सांगितले आणि दोन्ही रस एकाच टाकीत सोडले.