खून तिचा, गोष्ट त्याची

बीबीसीच्या ‘रिपर स्ट्रीट’ या मालिकेचे चाहते एक गोष्ट हमखास सांगतात: ही नुसती खुनाची मालिका नाही, हिच्यात सामाजिक प्रश्न आहेत. ते खरंच आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झालेली ही मालिका पाच पर्वं चालली. तिची गोष्ट १८८९ च्या व्हाइटचॅपलमध्ये, म्हणजे लंडनच्या गरीब ईस्ट एंडमध्ये सुरू होते. इन्स्पेक्टर रीड, सार्जंट ड्रेक आणि प्रेतं तपासणारा जॅक्सन या तिघांच्या वाटेत रस्त्यावरची पोरं येतात, काडेपेटी कारखान्यातल्या बायका येतात, श्रीमंत पुरुषांना शरीर विकणारी तार खात्यातली मुलं येतात. प्रश्न आहेतच. पण ज्याचा प्रश्न, तो माणूस पडद्यावर किती वेळ टिकतो? बहुतेक वेळा एका भागापुरता. पुढच्या आठवड्यात तेच तिघे असतात, प्रश्न नवा असतो आणि प्रेतही नवं असतं.

पहिलाच भाग घ्या. बाईच्या खुनाचं चित्रीकरण करून ते चवीने पाहणाऱ्या पुरुषांची ही गोष्ट. अशा पुरुषांची मालिकेला चीड आहे, यात शंका नाही. पण आपली त्या बाईशी ओळख होते ती मुख्यतः तिच्या प्रेतावरच्या खुणांमधून. तिचं काय झालं ते आपल्याला बारकाईने कळतं, ती कशी होती ते मात्र ओझरतं. ज्या नजरेचा मालिका धिक्कार करते, तिच्यापासून मालिकेचा स्वतःचा कॅमेरा फार लांब उभा नाही.

तपासकथेत हे असंच होणार, हे मला पटत नाही. खुद्द पोलिसांचे जुने कागद निराळं सांगतात. मालिकेच्या नावातल्या ‘रिपर’ने, म्हणजे त्या भागातल्या कुप्रसिद्ध खुन्याने, ३० सप्टेंबर १८८८ च्या पहाटे कॅथरीन एडोज हिचा मायटर स्क्वेअरमध्ये खून केला. तिच्याजवळच्या वस्तूंची यादी पोलिसांनी केली, ती आजही वाचायला मिळते. चहाची डबी, साखरेची डबी. साबणाचे सहा तुकडे. कंगवा, चमचा, पांढऱ्या मुठीची सुरी, बटणं, अंगुस्तान, मोडक्या चष्म्याचा भाग, एकच लाल हातमोजा. मोहरीच्या डबीत गहाणाच्या दोन पावत्या, त्यांतली एक बुटांची. कॅथरीन आणि तिचा जोडीदार केंटमध्ये बिअरसाठी लागणारी हॉपची बोंडं खुडायला गेले होते आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले होते. त्याचे बूट गहाण टाकून अडीच शिलिंग मिळाले, त्यातून चहा-साखर आली. घर नव्हतं, म्हणून सगळा संसार तिच्या अंगावर होता. एका कारकुनी यादीत एवढं माणूस मावतं. तासाभराच्या भागात ते मावायला काय हरकत आहे?

इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ च्या ‘द फाइव्ह’ या पुस्तकात नेमकं हेच केलं. खुनी बाजूला ठेवला आणि त्याने मारलेल्या पाच बायकांची आयुष्यं कागदपत्रांतून उभी केली. पाचांपैकी तिघी वेश्याव्यवसाय करत होत्या याला भक्कम पुरावा नाही, असं त्या मांडतात. त्यांतल्या मेरी ॲन निकल्स आणि ॲनी चॅपमन आपापल्या खुनाच्या रात्री बाहेर होत्या, कारण निजायच्या खाटेचे पैसे त्यांच्यापाशी नव्हते. ‘वेश्यांचा खुनी’ या एका शिक्क्याने बेघरपणाचा मूळ प्रश्नच झाकला गेला.

प्रतिनिधित्व म्हणजे पडद्यावर नुसती हजेरी लावणं नव्हे. जेन कॉबडेन ही खरीखुरी बाई. लंडन काउंटी कौन्सिलच्या १८८९ च्या पहिल्याच निवडणुकीत ती बो आणि ब्रॉम्लीतून निवडून आली. बाई कौन्सिलर होऊच शकत नाही म्हणून तिच्या बरोबरीच्या लेडी सँडहर्स्ट यांना कोर्टाने पदावरून काढलं आणि जेनलाही कोर्टकज्जे सोसावे लागले. मालिकेत ती येते, पण तिचं ठळक काम ठरतं रीडच्या प्रेमात पडणं. काडेपेटीवाल्या बायकांचंही तसंच. फॉस्फरसने जबडा सडण्याचा त्यांचा आजार मालिकेत सूडकथेला कारण पुरवतो. प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका-मुलींनी संप केला, जिंकला आणि आपली युनियन उभारली. संप करून जिंकणाऱ्या बाईत नाट्य कमी आहे का?

त्या लंडनमध्ये आपलीही माणसं होती. १८८९ मध्येच रखमाबाई डॉक्टरकी शिकायला तिथे पोहोचल्या. नको असलेल्या लग्नाविरुद्ध मुंबईच्या हायकोर्टात उभी राहिलेली ही बाई. १८९२ मध्ये दादाभाई नवरोजी अवघ्या काही मतांनी सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर गेले. अशी माणसं व्हिक्टोरियन पोलीसकथांत सहसा दिसत नाहीत. भारतीय येतो तो बहुधा गोदीवरून आणि तपासाच्या निमित्ताने.

‘रिपर स्ट्रीट’ला माणूस उभं करणं जमतच नाही, असं मात्र नाही. वेश्यागृहाची मालकीण लाँग सुझन पर्वागणिक वाढत जाते. ती गरिबांसाठी दवाखाना काढते आणि तिच्याच हातून अक्षम्य गुन्हेही घडतात. तिच्याकडे काम करणारी रोझ वेश्यागृहातून बाहेर पडून रंगभूमीवर येते. या दोघी लक्षात राहतात, कारण त्यांना चुकायला, बदलायला आणि परत यायला वेळ मिळाला. म्हणजे वेळ द्यायचा ठरवला तर देता येतो.

म्हणून अशा मालिकांमध्ये प्रश्न किती हाताळले याचं कौतुक आता पुरे. गरीब बाई, कामगार मुलगी, परदेशी खलाशी यांना पुढच्या भागातही घर, काम आणि स्वतःचं मत आहे का, हे प्रेक्षकांनी विचारायला हवं. लेखकांनी त्यासाठी दोन-चार खून कमी लिहिले, तरी मालिकेचं काहीच बिघडणार नाही.