क्रम कोणी लावायचा?

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत तुम्ही साध्या दोलकाचा दोलनकाल मोजता आणि दहा निरीक्षणे वहीत लिहिता. समजा, कोणी त्यांतली सहाच ठेवली आणि तीही आपल्या मर्जीने वरखाली केली, तर चालेल तुम्हाला? मग मोबाइलवर ते का चालवून घेता?

विखुरलेली ताजी माहिती एका जागी आणण्याची एक सोपी युक्ती १९९९ मध्ये अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत निघाली. तिचे नाव आर.एस.एस. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराचे मथळे, दुवे आणि बहुधा तारखा एका फाइलमध्ये मांडून ठेवते. तुमचा वाचक-प्रोग्राम ठरावीक वेळाने ती फाइल पाहून येतो आणि नवे असेल तेवढे तारखेप्रमाणे लावतो. म्हणजे पोस्टमन दारी येत नाही. आपलाच माणूस पोस्टात चक्कर मारून येतो!

पुढे २००७ मध्ये, पूर्वी गूगलमध्ये असलेल्या चौघांनी फ्रेंडफीड ही सेवा काढली. मित्राने ट्विटरवर काय लिहिले, फ्लिकरवर कोणते छायाचित्र लावले, ते सारे एका पानावर दिसे. २००९ मध्ये फेसबुकने ती विकत घेतली आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. गूगलचे 'रीडर' तर त्याआधीच, १ जुलै २०१३ रोजी मिटले. पण रीडर वापरणाऱ्यांना आपल्या संकेतस्थळांची यादी बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्रामात घालता आली. कारण आर.एस.एस. कोणा एकाच्या मुठीत नव्हते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

आजच्या बहुतेक समाजमाध्यमांत, तुम्ही कशावर जास्त वेळ रेंगाळाल याचा अंदाज बांधून क्रम लावला जातो. तुम्ही म्हणाल, "सर, एवढ्या पसाऱ्यातून कोणीतरी निवडायलाच हवे ना?" खरे आहे. या मासिकाचे संपादकही निवडतातच. पण त्यांचे नाव अंकात छापलेले असते, आणि त्यांना पत्र लिहून भांडता येते. त्या गणिताशी कसे भांडणार?

एक प्रयोग करा. 'नासा'च्या बातम्या आर.एस.एस.ने मिळतात. आठवडाभर त्या वाचक-प्रोग्राममध्ये घ्या. त्याच आठवड्यात समाजमाध्यमावर 'नासा'चे जे काही आपणहून समोर येईल तेही टिपा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि दुसरीत काय गळले, ते आम्हाला कळवा.