आधी पहिली लेव्हल स्वतः खेळा, मग बोला

वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतल्या आईवडिलांना, मामा-काकांना आणि मास्तरांना एक विनंती आहे. घरातलं पोट्टं मोबाईलवर उड्या मारायचा गेम खेळत बसलं असेल, तर लगेच मोबाईल हिसकावू नका. ‘खेळ बाबा, पण डोकं खाऊ नको’ म्हणून सोडूनही देऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि तोच गेम पहिल्या लेव्हलपासून स्वतः खेळा. अर्धा तास पुरे. त्यानंतर जे बोलाल ते पोरगं ऐकून घेईल, कारण तुम्ही खेळून बोलताय हे त्याला दिसलेलं असेल.

हे तुम्हाला जमेल. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांनी नव्वदीच्या दशकात टीव्हीला व्हिडिओ गेमचा डबा जोडून, कॅसेट फुंकून, मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेला आहे. कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांनी सर बाहेर गेले की गुपचूप ‘डेंजरस डेव्ह’ हा गेम उघडलेला आहे. पडद्यावरचा माणूस पळवायचा, खड्डा ओलांडायचा, कुठे चढायचं आणि कुठे थांबायचं ते ओळखायचं. यालाच प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. मोबाईलवर असे गेम ढिगाने मिळतात आणि वरून सगळे सारखेच दिसतात. खरा फरक लेव्हलच्या रचनेत असतो. खड्डा कुठे आहे, शत्रू कधी येतो, मेल्यावर परत कुठून सुरू करावं लागतं, हे प्ले स्टोअरवरचे तारे मोजून कळत नाही. त्यासाठी खेळावंच लागतं.

आधी एक गल्लत दूर करू. आपल्याकडे ‘गेम’ म्हटलं की पैशांची रमी, बंदुकीचा गेम आणि मारिओ हे सगळे एकाच माळेचे मणी ठरतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. उड्यांचे गेम त्या बंदीत येत नाहीत. त्यामुळे त्यातला बरा कुठला आणि वाईट कुठला, ही पारख घरातच करावी लागणार आहे. ती कशी करायची, ते सांगतो.

खेळायला बसलात की आधी बघा, गेम न बोलता शिकवतो का. याचा उत्तम नमुना १९८५ सालचा आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या लेव्हल चौकोनी कागदावर हाताने आखल्या होत्या. पहिली लेव्हल आठवा. मारिओ डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा. कुठे जायचं हे सांगायला एक अक्षरही लागत नाही. थोडं पुढे गेलं की लुकलुकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा दिसतो आणि समोरून एक तपकिरी शत्रू चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, पण नुकसान चार पावलांचंच. तसल्याच पुढच्या ठोकळ्याला डोकं मारलं की मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं आणि पाइपाला आपटून तुमच्याकडे परत येतं. नवखा माणूस घाबरून उडी मारतो, तर वर ठोकळे असतात, त्यामुळे मशरूम चुकवणं कठीण जातं. ते अंगाला लागतं, मारिओ मोठा होतो आणि मशरूम चांगलं असतं हे कायमचं लक्षात राहतं. हा सगळा बेत मुद्दाम आखला होता, हे मियामोतोंनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत उलगडून सांगितलं. आता तुमच्या पोराच्या गेमची पहिली दोन मिनिटं बघा. दर पावलाला बोटाचं चित्र आणि ‘इथे दाबा’ची पाटी येत असेल, तर लेव्हलला स्वतःहून काही शिकवता येत नाही असं समजा.

दुसरं बघायचं ते असं: नवं संकट आधी बिनधोक जागी दाखवलंय का? मारिओच्या त्याच लेव्हलमध्ये पुढे समोरासमोर दोन जिने येतात. मधे जमीन असते, पडलात तरी मरत नाही. लगेच पुढे तसेच दोन जिने येतात, फक्त मधे खड्डा असतो. पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा बांधून विहिरीत सोडतात आणि हात-पाय चालायला लागले की डबा काढतात, तशीच ही रीत. ‘डेंजरस डेव्ह’ जॉन रोमेरो यांनी १९८८ मध्ये बनवला. त्याच्या पहिल्या लेव्हलमध्ये एकही शत्रू नाही. उड्या मारत चषक घ्यायचा आणि दार गाठायचं. चषकाशिवाय दार उघडत नाही, एवढंच तिथे शिकायचं. बंदूक आणि शत्रू नंतर येतात. चांगल्या गेमची चढण अशी पायरीपायरीने असते. पहिल्या लेव्हलला झोप यावी आणि चौथीला एकदम दहा काटे अंगावर यावेत, असा गेम घाईत जोडलेला असतो.

तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आहे: मेल्यावर काय होतं? प्लॅटफॉर्म गेममध्ये माणूस मरणारच. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, यात चूक माझी होती का? बटण उशिरा दाबलं असेल तर चूक तुमची. पण उडी मारल्यावर खाली काय आहे ते दिसतच नसेल, किंवा पडद्याबाहेरून अचानक बाण आला असेल, तर चूक लेव्हल रचणाऱ्याची. मग बघा, परत सुरू व्हायला किती वेळ लागतो. २०१८ मध्ये आलेला ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढायचा गेम अतिशय अवघड म्हणून ओळखला जातो. तरीही त्याचा राग येत नाही. त्यातली बहुतेक संकटं एकेका खोलीएवढ्या तुकड्यात मांडलेली आहेत. मेलात की डोळ्याची पापणी लवते न लवते तोच त्याच खोलीच्या दारात उभे असता. पाय कड्यावरून किंचित पुढे गेला तरी उडीचं बटण क्षणभर चालतं, म्हणजे गेम तुमच्या बाजूने थोडा कानाडोळा करतो. कोणाला फारच जड गेलं तर वेग कमी करायची सोयही त्यात दिलेली आहे.

याच्या उलट मोबाईलवरचे कितीतरी गेम आहेत. मेलात की जाहिरात. ‘इथूनच पुढे जायचं असेल तर आणखी एक जाहिरात बघा.’ लाइफ संपल्या की थांबा, नाहीतर पैसे भरा. अशा गेममध्ये अवघड जागा कुठे ठेवली आहे ते नीट बघा. सोप्या चाललेल्या लेव्हलमध्ये एकच जागा अचानक अशक्य होते आणि नेमकी तिथेच खरेदीची खिडकी उघडते, असं वारंवार दिसलं तर तो खड्डा खेळणाऱ्याच्या खिशासाठी खणलेला आहे असं समजायला हरकत नाही. मूल दोन तास त्याच जागी चिकटून बसतं, तेव्हा त्याला खेळताच येत नाही किंवा त्याला व्यसन लागलंय, असं म्हणण्याआधी ती जागा स्वतः खेळून बघा.

चौथी गोष्ट बटणांची. जुन्या डब्याच्या रिमोटवर बटण बोटाला कळायचं. मोबाईलच्या काचेवर ते कळत नाही, आणि वरून अंगठ्याखाली पडद्याचा कोपरा झाकला जातो. म्हणून बघा, खड्डा किंवा काटे नेमके अंगठ्याखाली येतात का? उडी बटण दाबल्यावर लगेच लागते की क्षणभराने? साध्या, स्वस्त मोबाईलवर हा उशीर जास्त जाणवतो, म्हणून मूल ज्या मोबाईलवर खेळतं त्याच मोबाईलवर तपासा. निन्टेन्डोने २०१६ मध्ये ‘सुपर मारिओ रन’ मोबाईलसाठी काढला, तेव्हा मारिओ आपोआप पळेल आणि खेळणाऱ्याने एका बोटाने फक्त उडी सांभाळावी, अशी रचना केली. पहिल्या काही लेव्हल फुकट होत्या आणि बाकीच्या एकदाच पैसे भरून मिळत. गिऱ्हाइकाला आधी हातात देऊन मग किंमत सांगायची, ही पद्धत सरळ आहे.

इथे एक सावधगिरी. पहिली लेव्हल सगळ्यात जास्त घासूनपुसून ठेवलेली असते, कारण माणूस तिथेच राहतो किंवा जातो. डेमो म्हणून जे मिळतं तेही निवडून दिलेलं असतं. त्यामुळे तेवढ्यावर गेमला डोक्यावर घेऊ नका. पहिली लेव्हल खेळून झाली की पोराला म्हणा, ‘तू सध्या कुठे अडकलास ते दाखव.’ तीही लेव्हल खेळा. तुम्ही त्याच्यापेक्षा लवकर मराल, ते हसेल, हसू द्या. पहिली आणि अडकलेली अशा दोन लेव्हल बघितल्या की गेमचा स्वभाव कळतो.

गेम चांगला ठरला तरी खिशाची काळजी घ्या. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालीच जाहिराती आहेत का, अ‍ॅपमध्ये खरेदी आहे का, हे लिहिलेलं असतं. उतरवण्याआधी ते वाचा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका आणि ऑटोपे कशाकशाला चालू आहे ते अधूनमधून तपासा. इंटरनेट बंद करून गेम चालतो का, तेही बघा. जो चालतो त्यात जाहिरातींचा त्रास सहसा कमी असतो.

आता दोन शब्द पोरापोरींसाठी. ‘यापेक्षा भारी लेव्हल मी बनवेन,’ असं तुम्हाला वाटत असेल तर बनवा. सुरुवातीला कॉम्प्युटर लागत नाही, गणिताची चौकटीची वही पुरते. मारिओच्या एका पडद्यावर आडवे १६ आणि उभे १५ चौकोन बसतात. तेवढी चौकट आखा. आधी उडी ठरवा: आपला गडी किती चौकोन उंच आणि किती लांब उडेल? मगच खड्डे खणा, नाहीतर ओलांडताच येणार नाही असा खड्डा तयार होतो. एका लेव्हलमध्ये एकच नवी गोष्ट घ्या. ती आधी बिनधोक दाखवा, मग धोक्यात, मग थोडी फिरवून. विषय शोधायला लांब जायला नको. कारंज्याची दिल्ली वेस ते पोहा वेस हा रस्ता एक लेव्हल होऊ शकतो. कारंजा-सोहोळ अभयारण्यातला काळवीट तर उड्यांसाठीच जन्मलेला नायक आहे.

कागदावर जमलं की कॉम्प्युटरवर गेम बनवायला स्क्रॅच किंवा गोडो हे सॉफ्टवेअर घ्या. दोन्ही फुकट आहेत. शाळेत अटल टिंकरिंग लॅब नावाची प्रयोगशाळा असेल तर सरांना विचारा. आपल्याच राज्यातलं उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा ‘राजी’ हा गेम बनत असताना २०१७ मध्ये लोकांकडून इंटरनेटवर निधी उभा करायचा प्रयत्न झाला, तो फसला. तरी काम थांबलं नाही. २०२० मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या गेमच्या पुरस्कारांत पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. त्यातली राजी भिंतीवरून धावते, खांबांवर चढते, पुरातन वास्तूंमधून उड्या मारत जाते. कॅमेरा मात्र खेळणाऱ्याच्या हातात नाही. देखावा त्यामुळे भव्य होतो आणि उडीचं अंतर जोखणं थोडं अवघड. दोन्ही बाजू खेळून बघा आणि तुमच्या लेव्हलमध्ये काय ठेवायचं ते ठरवा.

लेव्हल झाली की दोन नियम पाळा. एक, ती आधी स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार करा. लेव्हल बनवायच्या ‘सुपर मारिओ मेकर’ या गेममध्ये हा नियमच होता: स्वतः पार केल्याशिवाय आपली लेव्हल दुसऱ्यांना देता येत नसे. दोन, ती बहिणीला किंवा मित्राला खेळायला द्या आणि तोंड बंद ठेवा. ‘इथून उडी मार’ म्हणायचा मोह होईल, तो आवरा. खेळणारं कुठे थांबलं, कुठे तीन वेळा मेलं, कुठे कंटाळून मोबाईल ठेवला, एवढंच वहीत लिहा. आणि खेळणाऱ्यांनो, ‘मस्त आहे’ एवढं म्हणून उठू नका. कुठे मेलात आणि तुम्हाला काय दिसलं नाही, ते सांगा. बनवणाऱ्याला कौतुकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आईवडिलांनो, शेवटी निर्णय तुमचाच. अर्धा तास खेळून गेम वाईट वाटला तर जरूर काढून टाका, पण कारण सांगून काढा. ‘मोबाईल खराब असतो’ हे कारण पोराला पटत नाही. ‘या लेव्हलला खाली काय आहे ते दिसत नाही आणि मेलं की पैसे मागतात’ हे पटतं, कारण ते त्यानेही भोगलेलं असतं. पुढचा गेम निवडताना मग ते स्वतःच ही तपासणी करेल. येत्या रविवारी सुरुवात करा.