कुटुंबस्वास्थ्य : तलफ आणि घरचीं माणसें

दारू किंवा तंबाखू सोडून दोनचार महिने झालेला मनुष्य घरांत असला, म्हणजे मंडळींस वाटतें कीं संकट टळलें. वास्तविक घरच्यांची खरी कसोटी तेव्हांच सुरू होते. हातांचा कंप, घाम, मळमळ हीं बहुधा पहिल्या आठदहा दिवसांत ओसरतात. तलफ मात्र महिनोन् महिने, कधीं वर्षानंतरहि, अकस्मात् डोकें वर काढते. आपल्या सुशिक्षित घरांतून हा विषय दार लावून बोलला जातो, म्हणून आम्ही तो आज येथें घेत आहों. काकूंची मिश्री आणि आजोबांचा तंबाखूचा विडा यांस तर आपण व्यसन म्हणावयासहि तयार नसतों!

तलफ म्हणजे दुबळ्या मनाचा चाळा नव्हे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव यांच्या कुत्र्यांची हकीकत वाचकांस ठाऊक असेलच. अन्नाशीं जोडल्या गेलेल्या नुसत्या खुणेनेंच त्यांच्या तोंडास पाणी सुटे. मनुष्याचेंहि तसेंच आहे. औरंगपुऱ्याहून गुलमंडीकडे जातांना ओळखीच्या पानाच्या गादीवरून वास आला, पगाराच्या तारखेस जुना सोबती भेटला, पंगतीनंतर पानाचें तबक फिरूं लागलें, किंवा गटारी अमावास्या जवळ आली, कीं मेंदूंतील जुनी वाट आपोआप मोकळी होते. तेथें उपदेशाचा उपयोग नाहीं. तबक त्या दिवशीं न फिरविण्याचा आहे.

समाधानाची गोष्ट अशी, कीं एकेक तलफ बहुधा पंधरावीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासांत, उतरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनीं तिला लाटेची उपमा दिली. लाटेशीं झुंजूं नये. ती चढेल तशी चढूं द्यावी व तिच्यावर तरंगत राहावें. तेवढ्या वेळांत जागा बदलावी, पाणी घोटघोट प्यावें, कोणाशीं तरी बोलावें. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हीं चार तलफेचीं हक्काचीं आमंत्रणें होत. म्हणूनच व्यसन सोडणाऱ्यानें पहिल्या वर्षीं कडक उपास धरूं नयेत असें आमचें मत आहे. आजीबाईंस तें रुचो वा न रुचो.

बोलण्याचें महत्त्व किती, याचें एक उदाहरण देतों. १९३५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील अॅक्रन शहरीं बिल विल्सन नांवाचे गृहस्थ व्यवहार फसल्यामुळें खिन्न होऊन हॉटेलांत उभे होते. दारू सोडून कांहीं महिनेच झालेले, आणि समोर मद्यगृह. ते तिकडे न जातां टेलिफोनकडे वळले व बोलावयास आपल्यासारखाच कोणी मद्यासक्त भेटेल काय, याची चौकशी करूं लागले. त्यांतून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले आणि 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही मंडळी उदयास आली. तिच्या सभा आज महाराष्ट्रांतहि भरतात.

पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळानें, १९८६ सालीं 'मुक्तांगण' सुरू केलें. तेथें रुग्णाबरोबर घरच्या मंडळींशींहि बोलणें होतें, हें आम्हांस विशेष वाटतें. एकत्र कुटुंबांत पहारेकरी पुष्कळ, सोबती एखादाच. एकानें खिसे तपासावे, दुसऱ्यानें तोंडाचा वास घ्यावा, तिसऱ्यानें पाहुण्यांदेखत जुन्या गोष्टी काढाव्या! मग राग येतो, आणि रागापाठोपाठ तलफ. पहाऱ्याऐवजीं घरांतील एकच माणूस नेमावें, ज्याला तो रात्रीं बाराला उठवून "आतां होत आहे" एवढें सांगूं शकेल. तें माणूस बहुधा वडील असूं नयेत. धाकटा भाऊ किंवा वहिनी बरी.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. कित्येक घरांतून 'दारू सोडविण्याचें औषध' वरणांतून गुपचूप दिलें जातें. त्यांत पुष्कळदां डायसल्फिरम असतें. डेन्मार्कमधील हाल्ड व याकोब्सेन यांनीं १९४८ सालीं त्याचा मद्यासक्तांवरील उपयोग पुढें आणला. तें पोटांत असतां मनुष्य प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. क्वचित् प्राणहि जातो. औषध बंद केल्यावरहि दोन आठवडेपर्यंत हा धोका राहतो. त्या बिचाऱ्यास ठाऊकच नसेल, तर तो सावध कसा राहणार? डॉक्टरांच्या देखरेखीखालीं व त्याच्या संमतीनें तेंच औषध उपयोगी पडतें. चोरून तें विषासमान आहे. तसेंच, रोज भरपूर पिणाऱ्यास घरांत कोंडून एकाएकीं दारू तोडूं नये. झटके व भ्रम येऊन जीव धोक्यांत येतो. त्यास रुग्णालयच पाहिजे. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, आणि १४४४६ या शासकीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

एखादे दिवशीं तो पिऊन आलाच, तर त्या रात्रीं वाद घालूं नये. जेवावयास वाढावें व निजूं द्यावें. सकाळीं चहा झाल्यावर शांतपणें विचारावें: तलफ केव्हां आली, तूं कोठें होतास, जवळ कोण होतें, पोटांत कांहीं होतें का? तीं उत्तरें त्यानें स्वतःच्या हातानें वहींत लिहावीं, आणि समुपदेशकाकडे जातांना ती वही बरोबर न्यावी.