तारापूरची वीज आणि बाबासाहेबांचा हिशेब

वीज किती निर्माण झाली, हे सांगायला सरकारकडे आकडे तयार असतात. ती कोणाच्या जमिनीवर निर्माण झाली आणि त्यांच्या वाट्याला काय आले, हे विचारले की सारे मूग गिळून बसतात. तारापूरचे अणुवीज केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण.

देशातले हे पहिले अणुवीज केंद्र ऑक्टोबर 1969 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. पहिल्या दोन संचांची क्षमता प्रत्येकी 210 मेगावॅट होती, ती पुढे 160 वर आणली गेली. 2005 आणि 2006 मध्ये प्रत्येकी 540 मेगावॅटचे आणखी दोन संच सुरू झाले. एकूण क्षमता 1400 मेगावॅट! चारही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला 3 कोटी 36 लाख युनिट वीज होते.

आमचा विजेला विरोध नाही, विज्ञानाला तर मुळीच नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 25 ऑक्टोबर 1943 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, हे त्यांचे सूत्र होते. म्हणजे वीज हे साधन, माणसाची मुक्ती हे साध्य. राज्यकर्त्यांनी साधनाचे मोजमाप ठेवले आणि साध्य विसरले!

नव्या दोन संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. 1894 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला सातबाऱ्याभोवती फिरत असे. मग ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, जो दुसऱ्याच्या शेतावर राबतो, त्याने काय दाखवायचे? त्याचा रोजगार गेला, तो कोणत्या कागदावर नोंदवायचा? केंद्राच्या 2013 च्या कायद्याने भूमिहीन शेतमजुरालाही बाधित मानले. पण तारापूरची जमीन त्याआधीच गेली होती. हजारो वर्षे ज्यांना जमीन मिळू दिली नाही, त्यांनाच जमिनीचा पुरावा मागायचा, हा कुठला न्याय?

दुसरा प्रश्न नोकऱ्यांचा. हे केंद्र सरकारी महामंडळाचे आहे, म्हणून तिथल्या कायम पदांना आरक्षण लागू आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर मात्र रोस्टर नसतो. कायम काम कंत्राटावर गेले की घटनेने दिलेला वाटा एकही कायदा न बदलता हातातून निसटतो. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे बाबासाहेबांनी 1947 मध्येच का मांडले होते, हे आता तरी ओळखा.

म्हणून मागणी साधी आहे. किती मेगावॅट, हे सांगताना किती भूमिहीन कुटुंबे उठली, किती जणांना कायम काम मिळाले आणि अनुशेषाची किती पदे रिकामी आहेत, तेही जाहीर करा. समाजातील शिकलेल्या तरुणांनी माहितीच्या अधिकारात हे आकडे मागावेत. दिवा कोणाच्या घरी लागला, हे विचारल्याशिवाय विजेचा हिशेब पुरा होत नाही.

जय भीम!