जिथून निरोप येत नाही

एखाद्या महामंडळाचा पैसा कुठे गेला हे कळेनासे झाले, की वर्तमानपत्रांच्या भाषेत त्याचे लगेच ‘कृष्णविवर’ होते. मराठी वाचकाशी या शब्दाची ओळख तशी जुनी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, तिला पहिले बक्षीस मिळाले आणि मागाहून उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. तेव्हापासून शब्द रुळला. पण त्याच्याबरोबर दोन गैरसमजही रुळले.

पहिला गैरसमज असा, की कृष्णविवर आसपासचे सारे काही ओढून गिळते. वस्तुतः सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर आपण थंडीने गारठून मरू. पण पृथ्वी आजच्याच कक्षेत फिरत राहील. हा गैरसमज निरुपद्रवी आहे. दुसरा तसा नाही. ‘आत काय आहे हे पाहून कोणी परत येणार नाही, मग कोणी काहीही सांगावे’ असा तो आहे. मला आज लिहायचे आहे ते त्याच्याविषयी. कारण जिथे पडताळा घेता येत नाही तिथे वाटेल ते बोलण्याची मुभा असते, हा समज खगोलशास्त्रापुरता उरलेला नाही.

मुळात आतले काही कळतच नाही, हे खरे नाही. पहिले महायुद्ध चालू असताना रशियाच्या आघाडीवर असलेल्या कार्ल श्वार्झशिल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने आइनस्टाइनच्या नव्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढले. ते १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तो आजाराने वारला. त्याच्या गणितातून निघते ते असे : सूर्य दाबून ३ किलोमीटर त्रिज्येचा केला, किंवा आपली पृथ्वी खेळातल्या गोटीएवढी केली, तर तिथून प्रकाशही सुटणार नाही. या हद्दीला घटनाक्षितिज म्हणतात. तिथे भिंत नसते, पाटी नसते, धक्काही बसत नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याचे क्षितिज ओलांडणाऱ्या प्रवाशाला आपण केव्हा हद्द ओलांडली, याचा पत्ताही लागणार नाही. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या लहान कृष्णविवराकडे जाणारा मात्र हद्दीच्या पुष्कळ अलीकडेच शेवयांसारखा ताणला जाऊन तुटेल.

आत गेल्यावर काय? इथे आपली रोजची भाषा अपुरी पडते. विवर म्हटले की आपण विहिरीची कल्पना करतो : कडा वर, तळ खाली. पण क्षितिजाच्या आत ‘मध्य’ ही जागा राहत नाही, ती एक येणारी वेळ होते. आज रविवार आहे. वाचक कोल्हापूरला गेला, नागपूरला गेला किंवा दार लावून घरात बसला, तरी सोमवार चुकत नाही. कारण सोमवार कुठल्याच दिशेला नसतो, तो पुढे असतो. न फिरणाऱ्या कृष्णविवरात शेवट असा पुढे असतो. त्याची मुदतही काढता येते. आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवरात क्षितिजापासून शेवटापर्यंत जास्तीत जास्त सुमारे ६६ सेकंद मिळतात. ज्याचे छायाचित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिले, त्या एम-८७ दीर्घिकेतल्या ६५० कोटी सूर्यांएवढ्या कृष्णविवरात साधारण २८ तास मिळतील. यान कितीही शक्तिशाली असले तरी ही कमाल मुदत वाढत नाही. शरीराला असह्य होणारा ताण येतो तो शेवटच्या सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात.

हे सांगायला कोणी परत आलेले नाही. तरीही ही कल्पनेची भरारी नाही. ज्या समीकरणांनी बुधाच्या कक्षेचे कोडे सोडवले, त्यांचाच हा निष्कर्ष आहे. आणि तीच समीकरणे पुढे एका ठिकाणी हात जोडतात. कलकत्त्यात काम करणाऱ्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये दाखवले, की गुरुत्वाकर्षण पदार्थांच्या वाटा एकमेकींकडे कशा वळवत नेते. या पायावर रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये सिद्ध केले, की असे क्षितिज तयार झाले की आत कुठेतरी काळाचा धागाच संपतो. याला इंग्रजीत सिंग्युलॅरिटी म्हणतात. या कामासाठी पेनरोज यांना २०२० चे नोबेल मिळाले. पण त्याचा अर्थ ‘आत अनंत घनतेचा एक ठिपका सापडला’ असा नाही. सापेक्षता सिद्धांत इथे आपल्याच मर्यादेवर बोट ठेवतो आणि सांगतो : यापुढे मला विचारू नका. पुढचे सांगायला गुरुत्वाकर्षण आणि पुंजसिद्धांत यांना एकत्र आणणारे शास्त्र लागेल, आणि ते आज आपल्याजवळ नाही.

नेमक्या या रिकाम्या जागेत गर्दी होते. फिरत्या कृष्णविवराच्या गणितात दुसऱ्या विश्वात उघडणारा एक दरवाजा दिसतो, हे खरे. तो प्रत्यक्षात टिकत नाही, असे आजवरचे संशोधन सुचवते. चित्रपटवाल्यांना त्याची पर्वा नसते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण ‘हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच’ म्हणणारे आणि ‘शास्त्रज्ञांनाही माहीत नाही, मग आमचेही खरे’ म्हणणारे व्यासपीठावरून बोलतात तेव्हा हसण्यावारी नेता येत नाही. ‘माहीत नाही’ हे दोन प्रकारचे असते. एक न शोधता म्हटलेले. दुसरे शंभर वर्षे गणित करून, शेवटच्या पायरीवर उभे राहून म्हटलेले. दोघांची किंमत एकच धरणे हा ज्ञानाचा अपमान आहे.

हा प्रश्न आता आपल्या दाराशीही आला आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची ददात असताना हे कशाला, असे कोणी विचारले तर त्याला अडाणी म्हणणे मला मान्य नाही. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

माझे उत्तर असे. ही वेधशाळा कृष्णविवराच्या आत डोकावणार नाही; पण आपण आतले जे गणित मांडतो, त्याचा बाहेरचा पडताळा तिथे मिळेल. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, की नवे कृष्णविवर आघात झालेल्या घंटेसारखे काही क्षण कंप पावते आणि शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवले. अशी टक्कर पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने टिपली. अशा क्षीण लहरी गोंगाटातून वेचण्याच्या पद्धती घडवण्यात पुण्याच्या आयुकामधील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. औंढ्याच्या नागनाथाच्या गाभाऱ्यात न जाताही बाहेर घंटा ऐकू येते आणि नादावरून घंटा कशी आहे, हे जाणकार सांगतो. तसेच हे आहे. गणित चुकीचे असेल, तर नाद जुळणार नाही.

मात्र हे उत्तर पुरे पडायचे, तर एक अट आहे. ही वेधशाळा काटेरी कुंपणाआडची सरकारी वास्तू होऊन चालणार नाही. हिंगोली, परभणी, नांदेडच्या शाळांतल्या मुलांना तिचे दार उघडे हवे. ‘सर, आत काय असते?’ या प्रश्नाला ‘ते अभ्यासक्रमात नाही’ हे उत्तर तिथे मिळू नये. शिक्षकाने फळ्यावर एक रेघ ओढावी. इथपर्यंत आपल्याला ठाऊक आहे आणि यापुढे नाही, हे सांगावे, आणि खडू त्या मुलीच्या हातात द्यावा.